एक्केचाळीस अर्ज

मतदार याद्यांची दुरुस्ती निघाली की माझी तब्येत बिघडते. घरच्यांना वाटतं, थंडी बाधली. सून आल्याचा काढा करते, मुलगा पायांवर रग टाकतो, आणि मीही थंडीलाच बोल लावून मोकळा होतो. म्हातारपणाचा एवढा एक फायदा आहे. काहीही झालं तरी लोक हवेला दोष देतात.

परवा सकाळी एक मास्तरीण रजिस्टर घेऊन दारात उभी राहिली. शाळा सुटली की तिच्याकडे यादीचं काम, असं तिनंच सांगितलं. "काकाजी, घर में कितने वोट हैं?" सून आतून म्हणाली, चार. मास्तरणीनं माझं नाव वाचलं, वय वाचलं, एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि मी अजून आहे याची खात्री पटल्यावर नावापुढे बरोबरची खूण केली. दोन मिनिटांचं काम. ती शेजारच्या दारी गेली, तिथं चहा प्याली, पुढच्या गल्लीला वळली, तरी मी उंबऱ्यातच उभा होतो.

मी कायद्याचा मास्तर. तीसेक वर्षं मताधिकार शिकवला. तो धडा आला की वर्गात गर्दी व्हायची. दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा येऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहायची. नागरिकाचं नाव यादीत नसणं म्हणजे पंगत बसलेली असताना घरच्याच माणसाला पाट न मांडणं, असं मी म्हणायचो आणि मुलं बाकं वाजवायची. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. एवढी साधी म्हण, पण ती माझ्यासाठीच केलेली आहे हे मी त्या मुलांना कधी कळू दिलं नाही.

बासष्टच्या निवडणुकीआधीची ती थंडी. भिलाई तेव्हा अजून गाव झालेलं नव्हतं, नुसतं काम होतं. भट्ट्या पेटल्या होत्या, पोलाद निघू लागलं होतं, तरी बांधकाम संपायचं नाव घेत नव्हतं. जिकडे पाहावं तिकडे लाल मुरूम उकरलेला. क्वार्टर्सच्या रांगा, निम्म्या चुन्यानं पांढऱ्या आणि निम्म्या उघड्या विटांच्या. कुंपणाला लागून धानाची शेतं होती आणि तिथं बाया विळे घेऊन कापणी करत. कारखान्याचा भोंगा झाला की त्याही कंबर सरळ करून घ्यायच्या. सुपेल्याच्या बाजारात रशियन बाया पेरू हुंगून हुंगून घ्यायच्या, आणि आमच्याकडच्या बायका त्यांच्या उघड्या पोटऱ्यांकडे पाहत एकमेकींना विचारायच्या, "हिले थंडी नाई वाजत का वो?" नव्या धानाच्या पेंढ्याचा वास, शेगड्यांचा धूर, आणि सगळ्यावर बसलेली ती बारीक लाल धूळ. रुमालानं नाक पुसलं की रुमाल लाल. त्या दिवसांतलं माझं जे काही आठवतं ते सगळं या धुळीतूनच आठवतं.

मी दुर्गला एका वकीलसाहेबांचा ज्युनियर होतो. घर भंडाऱ्याकडचं, शेतकऱ्याचं; नागपुरात कायदा शिकून आलो होतो. वय सव्वीस, स्वतःचं अशील एकही नाही आणि मत मात्र प्रत्येक विषयावर. कोर्टात मन रमत नव्हतं. मला कॉलेजात शिकवायचं होतं, आणि त्यासाठी नावावर एखादा छापील लेख हवा असं माझ्या जुन्या प्राध्यापकांनी बजावलं होतं. नागपूरहून कायद्याचं एक त्रैमासिक निघत असे. त्याचा निवडणूक विशेषांक निघणार असं कळलं आणि मी संपादकांना पत्र टाकलं. विषय कळवला: बांधकामावरच्या मजुरांचा मताधिकार.

मुद्दा साधा होता. यादीत नाव यायचं तर माणूस त्या जागेचा सामान्यतः रहिवासी असावा लागतो. मग जो तट्ट्याच्या झोपडीत दोन-तीन वर्षं राहून कारखाना बांधतो, तो तिथला रहिवासी की पाहुणा? माझं म्हणणं होतं, रहिवासी. झोपडी कच्ची असली म्हणून राहणं कच्चं होत नाही. कायदा नीट वाचला तर तो या लोकांना बाहेर ठेवत नाही, आत बोलावतो. हे मी सतरा पानं इंग्रजीत लिहून पाठवलं, तळटीपांसकट. संपादकांचं उत्तर आलं की मुद्दा चांगला आहे, पण लेख हवेत लटकतो. उदाहरणं हवीत, खरी माणसं हवीत. पत्राच्या शेवटी तारीख होती. त्या तारखेच्या आत लेख टपालात पडला तर अंकात, नाहीतर नाही.

खरी माणसं मला दशरथनं दिली.

दशरथ गजभिये बांधकामावर खलाशी होता, म्हणजे उंचावर चढून लोखंडाचे गर्डर दोरखंडानं जागेवर बसवणारा. त्याचं एक बारीकसं काम आमच्या वकीलसाहेबांकडे होतं, त्यातून ओळख झाली. मीही भंडाऱ्याकडचा आहे हे कळल्यावर तो मला 'आपल्याकडचे वकीलसाब' म्हणू लागला. त्याच्या आणि माझ्या गावात चार कोसांचं अंतर. आमच्या गावात त्याच्या लोकांनी अंगणाच्या पुढे यायचं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि आम्ही दोघंही ते बोलत नव्हतो. छप्पन साली त्यानं आईला घेऊन नागपूर गाठलं होतं आणि दीक्षा घेतली होती.

एक दिवस तो कोर्टाच्या आवारात मला शोधत आला. "वकीलसाब, कॅम्पात कच्ची यादी लागली. माह्यं नाव हाय, मायचं नाई. आमच्या लाइनीतल्या बायकाईचं तर एकीचंबी नाई. यादीवाला आला तवा समद्या कामावर होत्या. आता काय करा लागते?"

"अर्ज," मी म्हणालो. "दाव्याचा अर्ज असतो. मुदतीच्या आत इथल्या कचेरीत दिला की नाव लागतं."

"लागते?"

"लागतं म्हणजे काय, लागायलाच पाहिजे. कायदाच तसा आहे."

कायदा तसा आहे हे ऐकून त्याचा चेहरा जसा उजळला, तसा मी नंतर कुणाचाच उजळलेला पाहिला नाही. माझ्या विद्यार्थ्यांचाही नाही. कायदा त्याच्या दृष्टीनं पुस्तकातली गोष्ट नव्हती. घरातल्या माणसानं घरच्यांसाठी करून ठेवलेली सोय होती ती.

रविवारी मी छापील अर्ज घेऊन मजुरांच्या कॅम्पात गेलो. तट्ट्यांच्या भिंती, वर टिनाचे पत्रे, पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर ठेवलेले दगड. एका झोपडीपुढे दशरथनं घमेलं पालथं घालून मला बसायला दिलं, आणि लाइनीतल्या बायका समोर जमिनीवर येऊन बसल्या. बहुतेक सगळ्या रेजा, डोक्यावरून गिट्टी, म्हणजे खडी, आणि बांधकामाचा मसाला वाहणाऱ्या. कोणी आमच्याकडच्या, कोणी छत्तीसगडी. कोणी सुट्टीच्या दिवशीचं नहाणं उरकून ओल्या केसांनीच आली होती. एकीनं मुर्ऱ्याचा, म्हणजे चुरमुऱ्याचा, लाडू माझ्या हातात ठेवला.

पहिल्याच अर्जाला गाडी अडली. अर्जात नवऱ्याचं नाव विचारलं होतं आणि बायका नवऱ्याचं नाव घेईनात. एक छत्तीसगडी बाई पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "मैं ओकर नाव कइसे लेहूँ, बाबू?" मग शेजारणीनं तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, आणि शेजारणीच्या नवऱ्याचं हिनं. असा अदलाबदलीचा धंदा सुरू झाला. खूप हशा झाला. मीही हसलो, आणि हसता हसता मनात म्हणालो, हे तळटीपेत घालायला हवं.

शेवटी दशरथची आई, तुळसाबाई, पुढे आली. पन्नाशीची असेल. गिट्टी वाहून मान जराशी एका बाजूला कललेली. शेजारीण तिच्या नवऱ्याचं नाव सांगायला तोंड उघडणार तोच तिनं तिला हातानं थांबवलं.

"मोतीराम," ती म्हणाली. "लिहा. बावन सालीबी यादीवाला आला होता आमच्या गावी. मले लाज वाटली, ना त्याहीचं नाव घेतलं ना माह्यं. मंग त्यानं 'दशरथची माय' असं लिहून नेलं. म्हने असं नाव चालत नाई, काटून टाकलं. सत्तावनले आमी पोटामागं फिरत होतो. दोन डाव गेले, वकीलबाबू. हा तिसरा. मोतीराम लिहा, अन् माह्यं तुळसा लिहा, साफ लिहा."

आतल्या तट्ट्याला एक तसबीर होती, निळ्या कोटातली. तिच्याकडे हात करून ती म्हणाली, "त्याईनं देल्लं आमाले. अन् आमी लाजेपायी घेतलं नाई."

मी साफ लिहिलं. तिनं अंगठा जांभळ्या शाईत बुडवला आणि जिथं सांगितलं तिथं इतक्या जोरानं दाबला की खालच्या अर्जावरही वण उठला. नंतर तिनं चहा केला, आणि मी तो तिच्या झोपडीत बसून प्यालो. घरी कळलं असतं तर आईनं मला अंघोळ करायला लावली असती. तो चहा प्यालो याचा मला तेव्हा कितीतरी दिवस अभिमान होता. आता इतर गोष्टींबरोबर त्या अभिमानाचीही लाज वाटते.

अर्ज एक्केचाळीस भरले. ते दुर्गला कोणी न्यायचे हा प्रश्नच आला नाही. बायकांनी खाडा करून जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि कचेरी तर माझ्या रोजच्या वाटेवर. "तुमी तर तिथंच राहता," दशरथ म्हणाला. "तुमीच देऊन द्या ना." अर्ज दुसऱ्याच्या हातून पाठवला तरी चालत होता. मी गठ्ठा बॅगेत घातला. मुदतीला नऊ दिवस होते.

पहिले दोन दिवस मी ते ठेवून घेतले ते लेखासाठी. प्रत्येक अर्जावरून नाव, वय, किती महिने कॅम्पात आहे, काम कोणतं, असा तक्ता करायचा होता. त्यात वाईट काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तक्ता झाला, तरी गठ्ठा बॅगेतच राहिला. मी रोज कचेरीवरून जात होतो. सकाळी जाताना वाटे, संध्याकाळी देऊ. संध्याकाळी वाटे, उद्या कोर्टाला जाताना देऊ. आजचं काम उद्यावर टाकण्यात मी तसा नावाजलेला नव्हतो. आळस हा माझा दोष कधीच नव्हता. म्हणूनच आळसाच्या नावावर ते खपवता येत नाही.

खरं कारण पाचव्या की सहाव्या दिवशी माझ्यापुढे येऊन बसलं. कोर्ट सुटल्यावर वकीलसाहेबांच्या टाइपरायटरवर मी लेखाची शेवटची पानं करत होतो. शेगडीवर हात शेकायचे आणि चार ओळी बडवायच्या. त्यात एक वाक्य फार चांगलं उतरलं: ज्यांच्या डोक्यावरून हा कारखाना उभा राहिला त्या या एक्केचाळीस स्त्रिया आजमितीस देशाच्या कोणत्याही मतदार यादीत नाहीत. मी ते मोठ्यानं वाचून पाहिलं. अंगावर शहारा आला, स्वतःच्याच वाक्यानं. आणि त्याच वेळी ध्यानात आलं की बॅगेतले अर्ज दिले तर अंक छापून येईपर्यंत हे वाक्य खोटं ठरेल.

मी लगेच तो विचार झटकला. शेवटच्या दिवशी लेख टपालात टाकायचा आणि तिथूनच कचेरीत जाऊन अर्ज द्यायचे, असं ठरवून टाकलं. दोन्ही मुदती एकाच दिवशी संपत होत्या, हेही मला सोयीचं वाटलं. ठरवून टाकलं की माणसाला काम झाल्यासारखंच वाटतं.

तो दिवस मला तासातासानं आठवतो. सकाळभर तळटीपांचे आकडे जुळत नव्हते, कारण ती नवऱ्याच्या नावांची तळटीप मी आयत्या वेळी मध्येच घातली होती. दोन पानं नव्यानं टाइप केली. कार्बन उलटा लागला, एक पान पुन्हा केलं. टपाल कचेरीत पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. रजिस्टर्ड टपालाचा माणूस कुरकुरला, पण पाकीट घेतलं. पावती हातात आली आणि सगळ्या अंगातला ताण उतरला. मी समोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगितला.

टपरीच्या बाकावरून रस्त्यापलीकडची कचेरी सरळ दिसत होती. वऱ्हांड्यात टेबल, टेबलामागे मफलर गुंडाळलेला बाबू, पुढे पाच-सहा माणसं. पाचपर्यंत अर्ज घेणार होते. मी चहा प्यालो. माणसं एकेक करून अर्ज देऊन पायऱ्या उतरत होती. मी दुसरा चहा सांगितला. बॅग माझ्या मांडीवर होती, गठ्ठा बॅगेत होता, आणि मधे फक्त रस्ता होता, तोही रिकामा. मी उठलो नाही. मला कोणी अडवलं नाही, पाय दुखत नव्हते, वेळ चुकली नव्हती. बाबूनं एकदा मान वर करून आणखी कोणी आहे का पाहिलं, सावकाश रजिस्टर मिटलं, दोघांनी टेबल उचलून आत नेलं. तेव्हा मी टपरीवाल्याला पैसे दिले.

खून करणाऱ्याचा हात तरी हलतो. मी बसून राहिलो.

दशरथला काय सांगायचं याची मी दोन दिवस तयारी केली, आणि तयारी करूनही जे सांगितलं ते त्याहून वाईट होतं. अर्ज द्यायला उशीर झाला म्हणालो असतो तर निदान अर्धं खरं झालं असतं. पण उशीर म्हटलं की माझ्यावर आलं असतं. तो कॅम्पाच्या नळावर भेटला. मी म्हणालो, "दिले रे अर्ज. पण नाही झालं. कॅम्पातल्या माणसांना रहिवासी धरत नाहीत. कायदाच तसा आहे."

त्यानं भरलेली बादली नळाखालून बाजूला ओढली. "तुमी तर म्हनत होते लागतेच."

"वाटलं होतं मला. पण कायदा तसा आहे."

"बरं," तो म्हणाला. "कायदाच तसा हाय तर मंग काय बोलाव."

सतरा पानांत मी जगाला पटवून देत होतो की कायदा या बायकांना आत बोलावतो, आणि नळावर उभं राहून त्यांच्याच माणसाला सांगत होतो की कायद्यानं दार लावलं. माझी कातडी वाचवायला मी त्याच्या घरच्या तसबिरीखालची एकुलती एक भरवशाची गोष्ट खोटी पाडली. मत घालवलं ते तर घालवलंच, पण पुढे कित्येक वर्षं मला जास्त छळलं ते या एका वाक्यानं.

मतदानाच्या दिवशी मी कॅम्पाजवळच्या शाळेत गेलो. कावून, म्हणजे कशासाठी, गेलो असं आमच्याकडे विचारतात. मलाही ते अजून सांगता येत नाही. फेब्रुवारी होता, सकाळचं ऊन कोवळं होतं, पळसाला कळ्या आल्या होत्या. शाळेबाहेर चिठ्ठ्या देणाऱ्यांची टेबलं मांडली होती. एका टेबलावर माझ्या ओळखीचा कारकून होता, त्याच्याशी बोलत उभा होतो. तेवढ्यात तुळसाबाई आली. धुतलेलं पांढरं लुगडं, केसांना तेल, पायांत दशरथच्या वहाणा. दशरथ तिच्यामागे होता. त्याचं नाव होतं, तो मत द्यायला आला होता. तिला यायचं कारण नव्हतं.

"वकीलबाबू," ती मला म्हणाली, "एकडाव पाहून द्या ना गा माह्यं नाव."

"मावशी, सांगितलं ना दशरथनं..."

"सांगलं. पन चुकून नाव जाते, तसं चुकून येतबी असन. पाहा ना."

कारकुनानं यादी माझ्याकडे सरकवली. मी ती घेतली. पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि एकेक नाव खाली सरकत गेलो. जे नाव तिथं नाही हे त्या सगळ्या मैदानात फक्त मला पक्कं ठाऊक होतं, ते मी शोधत होतो. घाई केली तर तिला वाईट वाटेल म्हणून हळू शोधत होतो. भुवया आकसत होतो, मध्येच थांबत होतो. ती माझ्या बोटाकडे पाहत होती. वाचता येत नव्हतं तिला, पण बोट जिथं थांबे तिथं तिचा श्वास थांबे. शेवटचं पान झालं. "नाही, मावशी." ती म्हणाली, "उलट्या बाजूनं पाहा." मी उलट्या बाजूनं पाहिलं.

नंतर ती शाळेच्या पायरीशी बसून राहिली. दशरथ बाहेर आल्यावर तिनं त्याच्या बोटावरची शाई अंगठ्यानं पुसून पाहिली. जात नाही म्हटल्यावर ती जराशी हसली.

लेख छापून आला. अंकात पहिला होता. संपादकांनी अभिनंदनाचं पत्र पाठवलं, वकीलसाहेबांनी पेढे वाटले, आणि पुढच्या वर्षी कॉलेजातली नोकरी मिळाली ती त्या लेखाच्या जोरावर. पुढे कित्येकांनी आपल्या लेखांत तो लेख आधाराला घेतला. नवऱ्याच्या नावांची ती तळटीप तर फारच आवडली लोकांना. दर वेळी कोणीतरी तिचं कौतुक करी आणि मी मान खाली घाली. त्यांना तो विनय वाटायचा. अर्जांचा गठ्ठा मी त्याच उन्हाळ्यात मागच्या दारी शेगडीत जाळला. एकेक करून जाळला, कारण गठ्ठा पेट घेईना. जांभळे अंगठे एकामागून एक काळे पडत गेले. सदुसष्टला तुळसाबाई मत देऊन आली, असं मला कॅम्पातल्या एका माणसानं सांगितलं. अर्ज द्यायला ती स्वतः पायी दुर्गला गेली होती म्हणे. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली.

एक गोष्ट मात्र मी कधीच कुणाला सांगितली नाही.

अंक आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी दशरथचा निरोप आला. मायनं बोलावलं आहे, लेखात आमची नावं आली म्हणतात, ते वाचून दाखवा. मी गेलो. नाही कसं म्हणणार? रविवारच होता. सगळं तसंच: तट्टे, टिनावरचे दगड, पालथं घमेलं. फक्त ऊन कडक होतं आणि बायका सावली धरून बसल्या होत्या. मी अंक उघडला आणि इंग्रजीतून मराठी करत वाचू लागलो. जिथं मराठी पोचत नव्हती तिथं हिंदीत सांगत होतो. कोण किती महिने कॅम्पात, कोण काय वाहते. एकेकीचं नाव आलं की ती खाली मान घालून पदराशी खेळायची. हसत मात्र कोणी नव्हतं. मला वाटलं, मान देऊन ऐकताहेत. मला चेव आला. मोतीराम आला, बावन साल आलं, काटलेलं नाव आलं, आणि शेवटी मी माझं ते वाक्य वाचलं, एक्केचाळीस स्त्रियांचं. आवाजही जरा भरून आला माझा.

तुळसाबाई बसल्या जागेवरून थोडी पुढे सरकली. मग म्हणाली, "समदं बराबर हाय. एकबी गोष्ट चुकली नाई तुमची. आता हे सांगा, आमचे अर्ज कोनापाशी राहिले, ते लिहलं हाय का यात?"

मी दशरथकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"मत देल्ल्यावर मी गेलतो दुर्गले," तो म्हणाला. "म्हटलं, कायदा नाई म्हनते तर कावून म्हनते, तेवढं तरी इचारून येऊ. बाबूनं रजिस्टर काढून दाखवलं. आमच्या लाइनीचा एकबी अर्ज तिथं पोचलाच नाई."

त्याचा आवाज चढला नव्हता. बायका माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना सगळ्यांना ठाऊक होतं, मी यायच्या आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मला सगळा लेख शेवटपर्यंत वाचू दिला होता.

"लिहलं हाय का?" तुळसाबाईनं पुन्हा विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तिनं हात लांब करून अंक माझ्याकडून घेतला. कोणत्या पानावर मोतीराम आहे ते मला विचारलं. मी दाखवलं. त्या ओळीवरून तिनं एकदा बोट फिरवलं आणि अंक मिटून परत माझ्या मांडीवर ठेवला.

"मंग माह्यं नाव काटून टाका त्यातून," ती म्हणाली.